तळ ओलाच हवा: पानी पोपोबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पानी पोपोची कृती दिली होती: सामोआ या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशातले मऊ पाव, ट्रेमध्ये साखर घातलेलं नारळाचं दूध ओतून त्यातच भाजलेले. त्यावर आलेल्या निम्म्याहून अधिक पत्रांत एकच काळजी आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते. मी चौदा वर्षं इथल्या राजधानीत, आपियात राहते, वायलिमाच्या चढावर. हे पाव मला शेजारच्या तिनाने शिकवले. तिना म्हणजे आई. वयाने मोठ्या बाईला इथे अशीच हाक मारतात. खालची उत्तरं बहुतेक तिच्या ओट्याशी उभं राहून मिळालेली आहेत.

प्रश्न: पाव वरून छान सोनेरी झाले होते, पण उलटे केले तर खालची बाजू ओली आणि चिकट. पुन्हा पंधरा मिनिटं भाजले, तर वरून कडक झाले आणि दूध सगळं आटून गेलं. माझं काय चुकलं?

ट्रे पहिल्यांदा बाहेर काढलात तेव्हा काहीच चुकलं नव्हतं. तो ओला, चिकट तळ म्हणजेच पानी पोपो. पावाचा खालचा तिसरा हिस्सा दुधात भिजून जवळजवळ खिरीसारखा व्हावा, मधला भाग लुसलुशीत राहावा आणि वर पातळ सोनेरी कवच यावं, अशीच त्याची घडण आहे. म्हणून तर इथे तो ताटलीत उलटा वाढतात: ओली, चकाकणारी बाजू वर आणि ट्रेच्या तळाशी राहिलेलं दाट दूध चमच्याने त्याच्यावर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही वाटलं होतं की पाव पडला. तिनाने ताटली माझ्याकडे सरकवली आणि मी खाईपर्यंत ती बघत उभी राहिली.

ओला आणि कच्चा यांतला फरक मात्र ओळखता यायला हवा. ट्रेच्या मधला एक पाव उचला, कडेचा नको. कडेचे नेहमी आधी होतात. तो मधोमध फाडा. आत धागे सुटत असतील, जाळी दिसत असेल आणि खालचा थर बोटाला गोड, सायीसारखा लागत असेल तर तो शिजला आहे. बोटांत चोळल्यावर कणकेची गोळी होत असेल आणि पिठाची चव येत असेल तर कच्चा. घरी थर्मामीटर असेल तर पाव फाडायची गरज नाही. मधल्या पावाच्या पोटात ९० अंश सेल्सिअस दिसलं की ट्रे बाहेर.

कच्चा राहिला असेल तर कारण बहुधा भट्टीच्या आधीचं असतं. पाव ट्रेमध्ये मांडल्यावर पुन्हा फुगायला वेळ द्यायचा असतो, तिथे घाई होते. फुगलेला पाव स्पंजासारखा दूध शोषतो. न फुगलेला गोळा दगडासारखा दुधात बसून राहतो. तिना घड्याळ बघत नाही. ओल्या बोटाने पावाच्या कुशीत हलकेच दाबते. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे, सावकाश अर्धामुर्धा भरला तर दूध ओतायची वेळ झाली. आपियाच्या उकाड्यात याला अर्धा तासही पुरतो. थंडीच्या गावी तासभर लागला तरी थांबा.

दुसरं कारण दुधाचं तापमान. माझी पहिली खेप त्यानेच बिघडली. साखर विरघळावी म्हणून दूध उकळलं आणि तसंच वाफाळतं पावांवर ओतलं. खमीर साधारण ६० अंशांच्या आसपास मरतं. पावांचा खालचा भाग तिथल्या तिथे चोंदला, वरचा फुगला, आणि मधे रबरासारखी एक पट्टी तयार झाली. साखर विरघळवायला दूध जेमतेम गरम करा आणि हाताला कोमट लागेपर्यंत निवू द्या. फ्रिजमधलं गारही नको. त्याने फुगलेले पाव आखडतात.

प्रमाण पुन्हा सांगते, कारण काहींनी दूध दुप्पट घेतलं आहे. ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ६० ग्रॅम साखर, एक छोटा चमचा मीठ, ५० ग्रॅम लोणी, एक अंडं आणि साधारण २६० मिली कोमट दूध. याचे बारा पाव, २३ बाय ३३ सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये. वरून ओतायला ४०० मिली दाट नारळाचं दूध, १२० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ. १८० अंशांवर अर्धा तास. ओतल्यावर दूध पावांच्या निम्म्या उंचीपर्यंत दिसलं तर घाबरू नका. भट्टीत ते पावांच्या मधून उकळत वर येतं आणि हळूहळू आत मुरतं.

प्रश्न: मावशी, मी आठवीत आहे. यात पाणी नाही, मग याला पानी का म्हणतात? आणि पोपो म्हणजे काय?

छान विचारलंस! सामोअन भाषेत 'ब' नाही आणि प्रत्येक शब्द स्वरावर संपतो. म्हणून इंग्रजी 'बन' इथे येऊन 'पानी' झाला. तसाच 'केक'चा 'केके' झाला आणि 'फ्लावर'चा, म्हणजे पिठाचा, 'फालाओआ'. सगळ्यात गमतीचा 'पिसुपो': तो 'पी सूप'वरून आला, म्हणजे वाटाण्याचं सूप, पण इथे पिसुपो म्हणतात डब्यातल्या खारवलेल्या गोमांसाला. पोपो म्हणजे पिकलेला, जून नारळ. पाणी प्यायच्या कोवळ्या नारळाला आणि झाडाला 'निउ' म्हणतात.

या दोन शब्दांतच पदार्थाची गोष्ट आहे बघ. गहू सामोआत पिकत नाही, मैदा जहाजानेच यायचा आणि अजूनही येतो. नारळ मात्र दारात. एकोणिसाव्या शतकात जर्मन व्यापाऱ्यांनी खोबऱ्यासाठी इथे मोठमोठे मळे लावले, १९०० ते १९१४ इथे जर्मनीचं राज्य होतं, मग न्यूझीलंडचा अंमल आला आणि १ जानेवारी १९६२ला देश स्वतंत्र झाला. पाव परक्यांबरोबर आला. त्याला नारळाच्या दुधात बसवलं ते इथल्या बायांनी.

प्रश्न: डब्यातलं दूध चालेल का? डब्यांवर 'मिल्क' आणि 'क्रीम' असं दोन्ही लिहिलेलं असतं.

चालेल. आपियातही कितीतरी घरांत आता डबाच उघडतात. फरक स्निग्धांशाचा आहे. आंतरराष्ट्रीय खाद्यमानकाप्रमाणे मिल्कमध्ये किमान १० टक्के आणि क्रीममध्ये किमान २० टक्के स्निग्धांश लागतो. 'लाइट' लिहिलेला डबा मात्र या कामाला घेऊच नका. त्यात पाणीच जास्त. पाव भिजेल, पण चव येणार नाही. मी अर्धं मिल्क, अर्धं क्रीम घेते.

पण नारळ हाताशी असेल तर एकदा तरी ताजं दूध काढून बघा, एवढा माझा आग्रह आहे. इथे खवायला 'तुआइ' असते: लाकडी बैठक आणि पुढे दातेरी पातं. तिना तिच्यावर बसली की मला घरची खवणीच आठवते. खवलेलं खोबरं ती 'तौआंगा'त घेते. हा झाडाच्या सालीच्या धाग्यांचा झुबका, मऊ केसांसारखा. खोबरं त्यात गुंडाळायचं आणि दोन्ही हातांनी उलट्या दिशांना पिळायचं. मनगटापासून कोपरापर्यंत शिरा दिसू लागतात आणि धाग्यांमधून पांढरीशुभ्र, जाड धार सुटते. पाण्याचा थेंबही न घालता काढलेल्या या दुधाला 'पेएपेए' म्हणतात. तुमच्याकडे तौआंगा नसेल तर सुती फडकं घ्या. पाणी घालायचंच तर पहिली पिळणी झाल्यावर, कोमट आणि अगदी थोडं.

ताजं दूध भट्टीत किंचित फुटतं, तेलाचे थेंब दिसतात. त्याने चव बिघडत नाही. डोळ्यांना खुपत असेल तर गार दुधात एक मोठा चमचा कॉर्नफ्लावर कालवा, मग कोमट करा. मी घालत नाही. त्याने दूध कस्टर्डसारखं होतं आणि नारळाची चव मागे पडते.

प्रश्न: अंडं वगळलं तर?

खुशाल वगळा. पीठ मळायचं दूध तीन-चार चमचे वाढवा. पाव थोडा कमी पिवळा दिसेल, मऊपणात फारसा फरक पडत नाही.

प्रश्न: रात्री मळून सकाळी भाजता येतील का? आणि उरलेले कसे ठेवायचे?

येतील. मळलेला गोळा झाकून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी पाव वळा आणि गारठा जाऊन ते नीट फुगेपर्यंत थांबा. नारळाचं दूध मात्र भाजायच्या अगदी थोडं आधी ओता, रात्रभर पावांवर ठेवू नका. उरलेले पाव दुधासकट फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन चमचे नारळाचं दूध वर घालून, झाकून गरम केले की पुन्हा मऊ होतात. गार खाऊ नका. नारळाची चरबी थिजते आणि पाव मेणासारखा लागतो.

प्रश्न: आम्ही ऑकलंडला राहतो. शेजारच्या सामोअन कुटुंबाने रविवारी जेवायला बोलावलं आहे. मी पानी पोपो करून नेले तर आगाऊपणा वाटेल का? त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलेच येत असणार.

अजिबात वाटणार नाही, जरूर न्या. रविवारच्या त्या जेवणाला 'तोओनाइ' म्हणतात. चर्चहून आल्यावर सगळं घर एकत्र बसतं. कोवळ्या अळूच्या पानांत नारळाचं दूध बांधून शिजवलेलं पालुसामी असतं, अळूचे कंद असतात, मासे असतात, आणि गोडाला हे पाव बरोबर शोभतात. सोबत भाजलेल्या कोकोच्या बियांचा काळा, गोड 'कोको सामोआ' मिळाला तर नाही म्हणू नका.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. जेवणाआधी प्रार्थना होते. ती संपेपर्यंत ताटाला हात लावायचा नाही. आणि पाहुणे व वडीलधारे यांना आधी वाढतात, घरातली तरुण मंडळी वाढायला उभी राहतात आणि नंतर जेवतात. तुम्हाला संकोच वाटेल, मला पहिली दोन वर्षं वाटत होता. तरी मदतीला म्हणून उठू नका, बसून राहा आणि पोटभर जेवा.

पाव मात्र घरून उलटे करून नेऊ नका. ट्रे तसाच फडक्यात गुंडाळून, गरम असतानाच न्या आणि घरातल्या मोठ्या बाईच्या हातात द्या. तिना काय करते ते सांगते: ट्रे हातात आला की आधी थोडा तिरका करते आणि कोपऱ्यात किती दूध जमतं ते बघते. जमलं, तर लगेच चमचा मागवते.