डग हेपबर्नसारखा जगज्जेता भारोत्तोलक व्यावसायिक कुस्तीत का टिकला नाही?

स्वभाव आडवा आला. ताकद भरपूर होती, पण त्याला कुणाला इजा करायला आवडत नसे आणि कुस्तीतला दिखाऊ तमाशाही मनाला पटत नसे. भारोत्तोलनाच्या इतिहासात मला रस आहे आणि त्याच्याविषयी जे वाचलं त्यात हेच कारण पुन्हा पुन्हा येतं. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या या गड्याने १९५३ साली स्टॉकहोमला हेवीवेट जगज्जेतेपद जिंकलं, तेही जॉन डेव्हिसला हरवून, जो १९३८ पासून जगज्जेता होता! पुढच्याच वर्षी घरच्या मैदानावर, ब्रिटिश एम्पायर गेम्समध्ये (आजचे राष्ट्रकुल खेळ) सुवर्ण. पण तेव्हा भारोत्तोलन हौशी खेळ, पदकाने पोट भरत नसे. साहजिकच टोरंटोच्या प्रवर्तकांनी ‘जगातला सर्वांत ताकदवान माणूस’ अशी जाहिरात करून त्याला रिंगणात उतरवलं. तिथे निकाल आधीच ठरलेले असतात. लागते ती चपळाई, पडण्याची कला आणि नाटकीपणा. हेपबर्नचा एक पाय जन्मतः वाकडा, बालपणीच्या शस्त्रक्रियांनंतरही तो अधूच राहिला. थोड्याच काळात त्याने कुस्ती सोडली.

एक मात्र लक्षात घ्या: पायामुळेही कुस्ती जड गेली असावी, हा माझा अंदाज. आणि बलवान माणूस कुस्तीत चालतच नाही असंही नाही. १९४८ च्या ऑलिंपिकमधला रौप्यविजेता भारोत्तोलक हॅरोल्ड साकाटा ‘टॉश टोगो’ नावाने बरीच वर्षं कुस्ती खेळला.