डीएनए टेस्टवरून ठरवलेल्या डाएटने वजन उतरतं का?

तुम्ही विचारलंय की जिमवाले थुंकीची डीएनए टेस्ट करून त्यानुसार डाएट देतो म्हणतात, घरात सगळेच अंगाने भरलेले आहेत, तर पैसे घालावेत का? माझं मत विचाराल तर घालू नका. मी घातले होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दोन वर्षांपूर्वी मुंबईतल्याच एका सेंटरमध्ये नळीत थुंकी दिली. तीन आठवड्यांनी रंगीत रिपोर्ट आला. त्यात निष्कर्ष असा की माझ्या जनुकांना पिष्टमय पदार्थ मानवत नाहीत, सबब भात बंद. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे, घरात दोन्ही वेळा भात. आईने चष्मा लावून ते एकेक पान पाहिलं, लाल खुणेवर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "हे माझ्याकडूनच आलं ना गं तुला?" त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्यासमोर भात वाढून घ्यायला संकोचायची. चार महिन्यांत माझे ५ किलो उतरले आणि गणपती-दिवाळीत सगळे परत आले.

वजनात जनुकांचा वाटा असतो, हे खरंच आहे. २००७ साली एफटीओ नावाच्या जनुकाचा लठ्ठपणाशी संबंध सापडला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एफटीओच्या दोन्ही प्रती धोक्याच्या असलेल्या माणसांचं वजन, एकही तशी प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोने जास्त भरलं. पण पुढे २०१६ मध्ये आठ चाचण्यांमधल्या नऊ हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा असं दिसलं की आहार आणि व्यायामाने त्यांचंही वजन इतरांइतकंच उतरतं.

तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडणारा अभ्यास मात्र स्टॅनफर्डचा, २०१८ चा. ६०९ जण, वर्षभर. निम्म्यांना कमी स्निग्ध आहार, निम्म्यांना कमी पिष्टमय. पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६.०. म्हणजे फरक नगण्यच. जनुकांशी ‘जुळणारा’ आहार ज्यांच्या वाट्याला आला, त्यांचं काही जास्त उतरलं नाही. दोन्ही गटांत कुणाचे २५-३० किलो गेले, तर कुणाचं वजन उलट वाढलं. माणसागणिक फरक पडतो तो असा, पण कुणाला काय लागू पडेल हे त्या जनुकांवरून सांगता आलं नाही. आणि दोन्ही गटांना सांगितलेलं समान होतं: साखर-मैदा कमी, भाज्या भरपूर.

आपल्या लोकांसाठी मला पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम जास्त मोलाचं वाटतं. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१ टक्के आणि युडकिन यांची ९. म्हणून काट्याबरोबर शिंप्याची टेपही घ्या. आपल्याकडे बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० च्या आत हवी.

माझं गणित शेवटी वहीत सापडलं. दोन आठवडे खाल्लेलं सगळं लिहून काढलं. सीएसएमटीला स्लो लोकल पकडण्याआधी रोज वडापाव किंवा समोसा, गोड चहा, भांडुपला उतरल्यावर काहीतरी, आणि वर सव्वादहाला पोटभर जेवण. आता सहाला ऑफिसातच चणे-शेंगदाणे खाते, साडेआठला जेवते. ताटात वाटीभर भात, कुळथाची पिठी आणि भाजी दुप्पट. १४ महिन्यांत ७ किलो गेले आणि अजून तरी परत आलेले नाहीत.

लहान मूल अगदी पहिल्या एक-दोन वर्षांतच प्रचंड जाड झालं असेल, त्याची भूक भागतच नसेल, तर तिथे जनुकीय तपासणीला खरा अर्थ असतो. पण ती हार्मोन्सच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर करायची.

तुम्ही आधी थायरॉइड आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या, आणि घरातल्या मोठ्यांचंही करा. आमच्या आईचं एचबीए१सी ७.४ निघालं, म्हणजे मधुमेहच. त्या रिपोर्टवरचा लाल ठिपका बघण्याच्या नादात तिची साखर आम्ही दोन वर्षं तपासलीच नव्हती.