'सर्वसमावेशक' लिहिलंय खरं, पण म्हणजे नक्की काय?

प्रश्न: मागच्या वर्षी एका काउन्सेलरकडे चार सेशन्स केले. माझ्या बोलण्यातल्या हेलावरून ऑफिसात सतत नकला होतात, मीटिंगमधे मी तोंड उघडलं की दोघं एकमेकांकडे बघून हसतात, हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुम्ही जरा जास्तच मनाला लावून घेता," आणि दीर्घ श्वासाचा व्यायाम दिला. पाचव्या सेशनला मी गेलेच नाही. आता नवीन काउन्सेलर शोधतेय, तर एकीच्या माहितीपत्रकात 'सर्वसमावेशक आणि दडपशाहीविरोधी पद्धतीने काम' असं लिहिलंय. हे नुसते जाहिरातीचे शब्द आहेत का? आणि थेरपीत राजकारण कशाला?

उत्तर: श्वासाचा व्यायाम वाईट नाही हो, मीही देते. चुकलं ते त्याच्या आधीचं वाक्य. नकला करणार टीममधले, आणि सुधारायचं कोणी, तर तुम्ही! 'दडपशाहीविरोधी' हा शब्द जडच आहे, मलाही फारसा आवडत नाही, पण अर्थ साधा आहे. समोरच्याचा त्रास किती आतून आलाय आणि किती बाहेरून त्याच्यावर लादला गेलाय हे आधी नीट बघायचं, आणि बाहेरच्या गोष्टीला त्याचा आजार म्हणायचं नाही.

राजकारण म्हणाल तर ते आमच्या धंद्यात आधीपासूनच आहे. १८५१ मधे अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने, मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना 'ड्रेपेटोमेनिया' नावाचा मानसिक आजार असतो असं चक्क लिहिलं, आणि उपायांत फटकेही सांगितले! म्हणजे बेड्या ठीक, पळणारा मात्र वेडा. फार जुनं वाटतंय ना? मग हे बघा, १९७२ मधे जॉन फ्रायर हे सायकिअ‍ॅट्रिस्ट आपल्याच व्यवसायाच्या अधिवेशनात 'मी समलैंगिक आहे' हे सांगायला मुखवटा घालून, माइकमधून आवाज बदलून उभे राहिले, कारण ओळख कळली तर नोकरी जाईल ही भीती. पुढच्या वर्षी अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढायचं ठरवलं, जागतिक आरोग्य संघटनेला तर त्यासाठी १९९० उजाडलं. तुम्हाला मिळालेलं 'मनाला लावून घेता' हे त्याच सवयीचं अगदी छोटं रूप आहे.

आता ओळखायचं कसं? फॉर्मपासून सुरुवात करा. माझ्याच फॉर्मवर कित्येक वर्षं 'पती/पत्नीचे नाव' असा रकाना होता. एका क्लायंटने तिथे बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं, मग एक बारीक रेघ ओढली, आणि त्या रेघेबद्दल आम्ही दोघी तासभर काही बोललोच नाही. आता तिथे 'तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं' एवढंच आहे, तेही ती येईनाशी झाल्यावर मला सुचलं.

मग फोनवर सरळ विचारा, "तुमचं काही चुकलं आणि मी ते दाखवलं तर तुम्ही काय करता?" यावर आवाज चढला किंवा 'मला तर माणसांत फरक दिसतच नाही' असं गोड उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा. 'हो, चुकते कधीकधी' म्हणून एखादं उदाहरण देणारी बाई मला जास्त विश्वासाची वाटते. मेलनी टेर्व्हालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी १९९८ मधे 'सांस्कृतिक नम्रता' म्हणून जे मांडलं ते हेच, की एखादा कोर्स केला आणि सगळे समाज कळले असं होत नाही, शिकणं आयुष्यभर चालू ठेवावं लागतं.

हो, उलटी चूकही होते बरं का. तुम्ही भावाशी झालेलं भांडण सांगताय आणि बाई फिरून फिरून तुमच्या हेलावरच येतायत, असं झालं तर तिथेच थांबवा.

प्रश्न: काउन्सेलर माझ्यासारखीच, म्हणजे माझ्याच समाजातली असावी का?

उत्तर: तशी हवी असेल तर बिनधास्त मागा, त्यात कुणाचा अपमान नाही. बऱ्याच गोष्टी समजावत बसायला लागत नाहीत, हा मोठा फायदा. फक्त 'तुम्हाला तर माहितीच आहे' असं म्हणून तुम्ही वाक्य अर्धंच सोडलंत, तर तिने "नाही, तुमच्या घरी काय झालं ते सांगा" असं म्हणायला हवं.