आजोबांची जमीन चार ठिकाणी का?

प्रश्न: माझं माहेर साक्री तालुक्यातलं, पिंपळनेरजवळचं सामोडे. लग्न होऊन नाशिकला आले त्याला बत्तीस वर्षं झाली. गेल्या दिवाळीत भावांच्या वाटण्यांची बोलणी निघाली, तेव्हा कळलं की आजोबांची पाच एकर जमीन चार ठिकाणी विखुरलेली आहे. एकही तुकडा दुसऱ्याला लागून नाही. धाकटा भाऊ म्हणाला, "आजोबांना व्यवहार कळत नव्हता." ते माझ्या मनाला लागलं. गावातली जुनी माणसं 'फड', 'सारंग', 'सांडम' असं काहीबाही बोलतात, तेही मला धड उमगत नाही. आजोबांनी असं का केलं असेल?
— एक माहेरवाशीण, नाशिक

उत्तर: ताई, तुमच्या आजोबांना व्यवहार चांगला कळत होता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही जमीन चार ठिकाणीच ठेवली असती. मी पांझरा नदीच्याच काठचा, तुमच्या गावाच्या खालच्या अंगाचा. माझे वडील अकरा वर्षं फडाचे पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी शेतांना वाटून देणारे, होते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि रात्री कंदील घेऊन बांधावर निघालेले ते डोळ्यांपुढे आले.

आधी नदी समजून घेऊ. पांझरा पिंपळनेरच्या पश्चिमेला सह्याद्रीत उगम पावते. डोंगरात पाऊस भरपूर, पण पूर्वेकडे साक्रीच्या पुढे सरकावं तसा तो आटत जातो. म्हणजे ढग वरच्यांच्या वाट्याला आणि ऊन खालच्यांच्या. नदी मात्र ते पाणी घेऊन पूर्वेला धुळ्यापर्यंत येते, तिथून उत्तरेला वळते आणि मुडावदला कपिलेश्वराच्या देवळाजवळ तापीला मिळते. आपल्या पूर्वजांनी काय केलं, तर जिथे पात्रात उघडा खडक दिसला तिथे दगड-चुन्याचा ठेंगणा बंधारा घातला. त्याला दारं नाहीत, मागे मोठा साठाही नाही. पाणी अडून थोडं वर चढायचं आणि काठाने काढलेल्या पाटात शिरायचं, बाकीचं बंधाऱ्यावरून पुढे जायचं. शेतात मुरलेलं पाणी झिरपून पुन्हा नदीत यायचं आणि खालच्या गावाचा बंधारा ते धरायचा. असे ओळीने बंधारे होते.

पाटाखाली जेवढी जमीन भिजते तिचे साधारण तीन-चार मोठे भाग पाडायचे. त्या एका भागाला म्हणायचं फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात ज्वारी किंवा भुईमूग, चौथ्यात पावसावर येईल ते. पुढच्या वर्षी पिकं फिरायची. उसाचा फड हलका पिकाला जायचा आणि जमिनीला दम मिळायचा.

आता तुमच्या आजोबांची पाच एकर एकाच फडात आहे असं समजा. तो फड ज्या वर्षी उसाचा, त्या वर्षी पाचही एकर ऊस. गूळ घरभर, पण भाकरीला ज्वारी विकत आणायची. पुढे तोच फड जिरायत पिकावर गेला की पाणी शेजारच्या पाटातून वाहतंय आणि आपण आभाळाकडे बघतोय. तेच चार फडांत थोडी थोडी जमीन असली, तर दर वर्षी घरात ऊसही येतो, गहूही येतो, ज्वारीही येते. शिवाय पाणी कमी पडून एखादा फड सोडून द्यावा लागला तर तुमच्यासारखीच पाटलाचीही थोडी जमीन त्यात असते. कोरडं पडल्याचं दुःख सगळ्यांच्या अंगावर सारखं पडतं. म्हणून पाणी सोडायचं की नाही हे ठरवायला बसलेली माणसं भांडत कमी, बोलत जास्त.

या सगळ्यात मला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट अशी, की पाणी मालक स्वतः देत नसे. फडाने नेमलेला पाटकरी देत असे. वरच्या शेतापासून खालच्या शेतापर्यंत क्रमाने, दिवस असो की रात्र. शेत माझं असलं तरी बांध फोडायचा अधिकार माझा नाही. मी नववीत होतो तेव्हा माझ्या सख्ख्या काकांचा गहू ओंबीवर आला होता. त्यांनी वडिलांना सांगितलं, "आज रात्री आधी आमच्याकडे फिरव." वडील म्हणाले, "भाऊ, तुमचा नंबर परवा." काकू आणि आई पुढे आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, एकमेकींशी बोलल्या नाहीत. आखाजीला झोक्यावर बसायला बायका गोळा झाल्या, गौराईची गाणी झाली, तेव्हा कुठे तो अबोला मिटला. काकांचा गहू मात्र चांगला झाला होता. दोन दिवसांनी काही बिघडलं नव्हतं.

पहाटे वडील बांधावरून हाक द्यायचे, "पानी उनं!" म्हणजे पाणी आलं. त्या हाकेवर माणूस फावडं घेऊन निघायचा.

पाटकऱ्याच्या जोडीला हवालदार देखरेखीला आणि जागल्या राखणीला. फडभर एकच पीक, त्यामुळे ते एकदमच पिकायचं आणि एकदमच कापायचं. प्रत्येक शेताला वेगळं कुंपण नको, वेगळी राखण नको. या माणसांची मजुरी बरीचशी खळ्यावरच धान्यात मिळायची. आमच्या घरी उन्हाळ्यात वेगवेगळ्या रंगांच्या ज्वारीची पोती उभी असत, कारण ती वेगवेगळ्या घरांतून आलेली असत. आई ती कधी एकत्र करत नसे.

आता तुमचे शब्द. नदीतून निघालेल्या मुख्य पाटातून फुटतात त्या चाऱ्या. चारीतून शेतात पाणी नेणारा छोटा नाला म्हणजे सारंग. आणि सांडम म्हणजे पाटातलं जास्तीचं पाणी परत नदीला सोडून देण्याची वाट. ती नसती तर पावसाळ्यात पाट फुटून शेतं वाहून गेली असती. आम्ही पोरं सांडमाखालच्या डोहात पोहायला शिकलो. तुमच्या वडिलांना किंवा काकांना विचारून बघा, तेही तिथेच शिकले असतील.

मग हे मोडलं कसं? हळूहळू मोडलं. विहिरी खोल झाल्या, वीज आली, मोटार बसली. ज्याच्या स्वतःच्या विहिरीला पाणी, तो पाळीची वाट कशाला बघेल? आणि फड उसाचा की ज्वारीचा हे तरी गावाला का विचारेल? त्यात खोऱ्यात धरणं झाली. पांझरेवर लाटीपाडा, कान नदीवर मालनगाव, अलीकडे खाली अक्कलपाडा. बंधाऱ्याला सतत येणारी बारीक धार गेली आणि सोडलं की येणारं, बंद केलं की थांबणारं पाणी आलं. त्याआधी १९४७ साली जमिनीचे तुकडे रोखण्याचा आणि ते एकत्र करण्याचा कायदाही झाला होता. त्यामागचा हेतू चांगला होता. पण त्या कायद्याच्या नजरेने पाहिलं तर तुमच्या आजोबांचे चार तुकडे हा रोग दिसतो, आणि पाटाच्या नजरेने पाहिलं तर तेच औषध होतं. तुमच्या धाकट्या भावाने पहिली नजर उचलली आहे, त्याला दुसरी कोणी दाखवली नाही. त्याच्यावर रागावू नका.

वाटणी करताना एवढं कराच. सातबाऱ्यावर आज गट नंबर असतील. तलाठ्याकडून जुने सर्व्हे नंबर काढून घ्या आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला शेतावर नेऊन कोणता तुकडा कोणत्या फडात होता ते विचारा. एका भावाला पाटाजवळचे दोन आणि दुसऱ्याला पाटाच्या शेपटाकडचे दोन, अशी वाटणी झाली तर कागदावर अडीच-अडीच एकर दिसेल आणि शिवारात ती सारखी नसेल.

प्रश्न: पांझरेवरचे जुने बंधारे नक्की कोणी बांधले? गावात कोणी फारुकी सुलतानांचं नाव घेतं, कोणी अहिल्याबाईंचं.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, धुळे

उत्तर: बाळा, ही पद्धत तीन-चारशे वर्षांची आहे असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. एकाच माणसाने, एकाच काळात सगळे बंधारे बांधले असं मला वाटत नाही, कारण त्यांचं काम एकमेकांसारखं नाही. गाव वसलं की बंधारा उभा राहिला, गाव उठलं की तोही फुटला. १८०३च्या सुमारास होळकर-पेशव्यांच्या लढाया आणि पाठोपाठ दुष्काळ, यात खानदेशातली कितीतरी गावं ओस पडली. १८१८ला इंग्रजी अंमल आला तेव्हा इथे पुन्हा वस्ती करण्यापासूनच सुरुवात करावी लागली. त्यामुळे आज दिसणाऱ्या भिंतीत किती थर कोणाचे, हे दगड बघूनच ठरवावं लागतं.

एक नाव मात्र पक्कं सांगतो. १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागलेले तरुण विश्वेश्वरय्या खानदेशात आले आणि पांझरेच्या एका पाटासाठी, दातर्तीजवळ, नळांचं सायफन, म्हणजे प्रवाहाखालून पाणी पलीकडे नेणारी नळवाट, बांधण्याचं काम त्यांच्याकडे आलं. ऐन पुरात ते काम करताना त्यांची परीक्षा झाली. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. शेतांचे गट पाडायचे, गटातल्या ठरावीक भागालाच ऊस द्यायचा, बाकी पिकं फिरती ठेवायची. मी ती वाचली तेव्हा मला आमचा फडच दिसला. त्या तरुण अभियंत्याने आमच्या पाटकऱ्यांशी बांधावर बसून बोलणं केलं असेल, असं मी मनाशी धरून चालतो.

तू धुळ्यातच आहेस. राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून तुझ्या शहरात आहे. तिथे जा, १८८०चं खानदेश गॅझेटियर मागून घे आणि त्यातला पाटबंधाऱ्यांचा भाग वाच. मग एप्रिलमध्ये पाणी उतरलं की सुट्टीच्या दिवशी नदीने वर चालत ये. चुन्याची जुनी भिंत आणि सिमेंटची नवी डागडुजी बोटाने खरवडली तरी वेगळी कळते. दिसेल त्या प्रत्येक बंधाऱ्याचं गाव, काठ आणि पाट कोणत्या बाजूने निघतो ते वहीत लिहून काढ. यादी झाली की मला पाठव. आमच्या गावच्या बंधाऱ्याचा पाट डाव्या काठाने निघतो, तेवढी एक ओळ माझ्याकडून आत्ताच लिहून ठेव.