नाताळच्या दिवसांत रडू आले तर

प्रश्न : सप्रेम सलाम. आम्ही मूळचे अहमदनगरचे; मुलाच्या नोकरीमुळे इंदूरला स्थायिक झालो. माझे यजमान गेल्या फेब्रुवारीत प्रभूकडे गेले. नाताळच्या करंज्यांसाठी नारळ तेच खवून देत, दारावर कागदी चांदणी तेच टांगत आणि चोवीस तारखेच्या रात्री आम्ही दोघे बरोबर उपासनेला जात असू. आता आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे तयारीचे आठवडे, सुरू झाला आहे आणि घरात तयारीचे बोलणे निघाले की मला उठून आतल्या खोलीत जावेसे वाटते. आमच्या चर्चच्या मंडळीतील एक भगिनी म्हणाल्या की, ज्याचा पुनरुत्थानावर, म्हणजे मेलेले पुन्हा उठतील यावर, विश्वास आहे त्याने इतके रडू नये. माझा विश्वास खरेच कमी पडतो आहे का? माझ्यामुळे नातवंडांचा सण बिघडतो, हेही मनाला लागून राहते.
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. त्या भगिनींच्या मनात बहुधा बायबलमधील थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय असावा. ज्यांना आशा नाही अशा लोकांसारखा खेद करू नका, असे प्रेषित पौल तेथे सांगतो. खेदच करू नका, असे तो म्हणत नाही. हाच पौल फिलिप्पैकरांना लिहितो की, आजारी पडलेला एपफ्रदीत देवाच्या दयेने वाचला, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते. आणि मेलेल्या लाजाराला आता उठवायचे आहे हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला, हे योहानाने लिहून ठेवले आहे. पुनरुत्थान ज्याच्या हाती आहे तोच जर रडला, तर तुमच्या अश्रूंना अविश्वास कोण म्हणणार?

या दिवसांत तुम्ही बायबलमधील रूथचे पुस्तक सावकाश वाचावे, असे मला मनापासून वाटते. नाताळात ते फारसे कोणी उघडत नाही, पण त्याची कथा बेथलेहेमचीच आहे. नवरा आणि दोन्ही मुलगे मवाब देशात गमावून नामी त्या गावी परतते, तेव्हा सातूची कापणी नुकतीच सुरू झालेली असते; म्हणजे सगळा गाव आनंदात असताना ही विधवा वेशीतून आत येते आणि, मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणले, असे बायकांना उघडपणे सांगते. तिला गप्प करणारे एकही वाक्य त्या पुस्तकात नाही. तिच्या सुनेचे, रूथचे नाव पुढे मत्तयाने येशूच्या वंशावळीत घेतले आहे. बाळ येशूला मंदिरात आणले तेव्हा त्याला ओळखणाऱ्यांत हन्नाही होती, जिचा संसार अवघा सात वर्षे टिकला होता. ख्रिस्तजन्माच्या वृत्तान्तात हेरोद राजाने मारलेल्या बालकांच्या आयांचा आकांतसुद्धा आहे आणि अनेक मंडळ्या २८ डिसेंबरला त्या बालकांचे स्मरण करतात. या सणाने शोक करणाऱ्यांना कधी दाराबाहेर ठेवलेले नाही.

आता घरातले. चोवीसच्या रात्री जायलाच हवे, असा नियम नाही. जिथे तुम्ही दोघे बसत होता तिथे एकटीने बसणे यंदा जड वाटत असेल, तर पंचविसाच्या सकाळच्या उपासनेला जा, मुलाला शेजारी बसवा आणि डोळे भरून आले तर उठून बाहेर येता येईल अशी कडेची जागा धरा. पाळकसाहेबांना आधीच कळवा. यजमानांचे नाव घेऊन प्रार्थना करा, असे सांगायला संकोच वाटू देऊ नका. इंदूरला बहुतेक उपासना हिंदीत होते, त्यामुळे त्यांच्या आवडीचे मराठी गीत कदाचित घरीच गावे लागेल. तेव्हा एका संध्याकाळी सर्वांनी मिळून ते गा. करंज्या यंदा सूनबाईंनी कराव्यात किंवा विकत आणाव्यात. चांदणी मात्र नातवंडांकडून टांगून घ्या आणि आजोबा ती कशी टांगत ते त्यांना सांगा. सांगताना रडू आले तर आजोबांची आठवण येते म्हणून रडते, एवढे सरळ सांगितले तरी मुलांना समजते. आजी काही न बोलता दार लावून बसली की ती खरी बावरतात.

एक गोष्ट आग्रहाने लिहिते. दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, अन्न जात नसेल किंवा जगू नये असे वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जा, आणि जगू नये असे वाटले तर त्याच दिवशी मुलाला सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. त्यामुळे औषध घेणे हा विश्वासाचा पराभव आहे, असे तुम्हांला कोणीही सांगितले तरी ते मानू नका.

त्या भगिनींशी वाद घालू नका. बोलावेसे वाटले तर नामीची कथा सांगणारा रूथच्या पुस्तकाचा पहिला अध्याय त्यांच्याबरोबर बसून वाचा.