रोज चालूनही ‘फ्रेश’ वाटत नाही, मग व्यायामाचा उपयोग काय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चार महिन्यांपासून डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तीन आठवडे रोज अर्धा तास चाललात, आणि लोक म्हणतात तसं ‘फ्रेश’ वगैरे काहीच वाटलं नाही. उलट घरी परतल्यावर वाटतं की हेही आपल्याला जमलं नाही. त्यात धाकटा भाऊ रोज ऐकवतो, ‘जरा मनावर घे.’ व्यायामाने डोपामाइन नावाचं मेंदूतलं रसायन वाढतं म्हणतात, मग माझ्याच मेंदूत ते का वाढत नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. या आजारातून दोनदा गेले आहे आणि त्यानंतर या विषयावर हाताला लागेल ते वाचत आले आहे, त्या जोरावर लिहिते. तुमचं चालणं वाया गेलेलं नाही. त्याचा परिणाम तुम्ही जिथे शोधताय, तिथे तो बहुधा सगळ्यात शेवटी दिसतो.

मराठीत आपण गोडी आणि ओढ हे दोन शब्द वेगळे वापरतो. मेंदूतही त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिशिगन विद्यापीठातले मेंदू-संशोधक केंट बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ संपवून पाहिलं. त्या उंदरांना आपणहून खायला जायची इच्छाच राहिली नाही, पण साखरेचं पाणी तोंडात सोडलं की ते पहिल्यासारखेच जिभल्या चाटत. म्हणजे गोडी जागेवर होती, गेली होती ती ओढ. जॉन सालामोन या संशोधकांच्या प्रयोगात तर हे आणखी स्पष्ट दिसतं. एका बाजूला थोडं खाणं सहज मिळणारं, दुसऱ्या बाजूला जास्त खाणं, पण मध्ये चढून जायला कुंपण. धडधाकट उंदीर कुंपण चढून जातो. डोपामाइन कमी केलेला उंदीर थोडक्यावर भागवतो. भूक त्यालाही आहे, पण चढणं जिवावर येतं.

‘जिवावर येतं’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. डिप्रेशनमध्ये आंघोळ जिवावर येते, फोन उचलणं जिवावर येतं. बाहेरचे त्याला आळस म्हणतात. पण आळशी माणसाला लोळण्यात सुख असतं. तुम्हाला तेही नाही.

माणसांवरचा असाच एक प्रयोग मायकल ट्रेडवे आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मांडला. समोर दोन कामं. सोपं काम म्हणजे तर्जनीने 7 सेकंदांत 30 वेळा बटण दाबायचं. अवघड काम म्हणजे ज्या हाताची सवय नाही त्या हाताच्या करंगळीने 21 सेकंदांत 100 वेळा दाबायचं. अवघड कामाला पैसे जास्त. एकदा करून बघा, करंगळी खरंच भरून येते. 2012 मध्ये त्यांनी डिप्रेशनच्या रुग्णांना हेच दिलं, तर निरोगी लोकांच्या तुलनेत ते अवघड कामाला कमी वेळा हात घालत होते. ‘इतके कष्ट करून इतकं मिळणार, परवडतं का?’ हा हिशेब मेंदू दिवसभर आपल्याला न विचारता मांडत असतो. या आजारात कष्टांचा आकडा फुगतो आणि मोबदल्याचा आकडा आक्रसतो. ‘मनावर घे’ या सल्ल्याचा उपयोग होत नाही तो यामुळे. जे मन मनावर घेणार, त्याचाच हिशेब बिघडलेला असतो.

आता डोपामाइनबद्दल. ‘डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन’ हे वाक्य जिथे-तिथे वाचायला मिळतं आणि त्याने तुमच्यासारख्यांचं फार नुकसान होतं. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना फळांचा रस देऊन डोपामाइनच्या पेशी कशा वागतात ते नोंदवलं. अनपेक्षितपणे रस मिळाला की पेशी उसळायच्या. दिवा लागला की रस येतो हे माकड शिकलं, की त्या दिव्यालाच उसळायच्या, रस आल्यावर गप्प. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही मंदावायच्या. म्हणजे हा संदेश ‘छान वाटतंय’ असा नसून ‘वाटलं होतं त्यापेक्षा जास्त मिळालं’ किंवा ‘कमी मिळालं’ असा असतो. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांचा यावरचा 1997 चा लेख आजही पायाभूत मानला जातो.

तुम्ही चालायला निघता तेव्हा मनात आधीच ठरलेलं असतं की आज ‘फ्रेश’ वाटलं पाहिजे. दिवा लावलात, रस आला नाही. मेंदूने काय नोंदवलं असेल? त्यामुळे माझी पहिली विनंती अशी की बरं वाटण्यासाठी चालू नका, निदान सध्या तरी. चालून यायचं, बस.

मग व्यायाम करतो तरी काय? व्यायामाने अंगात एंडॉर्फिन नावाचं सुखद द्रव्य सुटतं म्हणतात, ती गोष्ट मी फार ताणणार नाही. रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही, आणि धावल्यानंतरच्या त्या तरंगल्यासारख्या अवस्थेमागे एंडोकॅनाबिनॉइड नावाची वेगळी द्रव्यं असावीत असं अलीकडचं काम सुचवतं. तसंही तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या अर्ध्या तासाच्या सुखात नाही. मला पटलेली मांडणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2024 मध्ये केली. ती अशी: नियमित एरोबिक व्यायामाने शरीरातला बारीक दाह (इन्फ्लमेशन) कमी होतो, डोपामाइनचं काम सुधारतं आणि ‘परवडतं का?’ या हिशेबात कष्टांचा भार उतरतो. ही अजून मांडणीच आहे, सगळे दुवे सिद्ध झालेले नाहीत. पण दाहाचा धागा हवेतला नाही. हेपटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉन द्यायचे. ते शरीरात दाह वाढवतं, आणि ते घेणाऱ्या बऱ्याच रुग्णांना डिप्रेशन यायचं. मेंदूच्या चाचणीत त्यांच्या मोबदल्याशी संबंधित भागाची हालचालही मंदावलेली दिसली.

थेट उपचार म्हणून व्यायाम किती चालतो, यावर ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथाल यांनी 1999 मध्ये पन्नाशीपुढच्या 156 रुग्णांवर चाचणी केली. काहींना व्यायाम, काहींना सरट्रालिन ही डिप्रेशनची गोळी, काहींना दोन्ही. 16 आठवड्यांनी तिन्ही गट साधारण सारखेच सुधारले होते. मात्र सुरुवातीला गोळीवाले सर्वांत लवकर सुधारू लागले होते. तुमचे तीनच आठवडे झालेत, म्हणून हे सांगते. त्या चाचणीत खोटी गोळी घेणारा गट नव्हता. 2007 मध्ये तो घेऊन 202 जणांवर पुन्हा काम झालं, तेव्हा आजारातून बाहेर पडलेल्यांचं प्रमाण देखरेखीखालच्या व्यायामाने 45 टक्के, घरी केलेल्या व्यायामाने 40, गोळीने 47 आणि खोट्या गोळीने 31 टक्के आलं. खोट्या गोळीनेही 31! काळजी घेणारं कुणी भेटणं, दर आठवड्याला कुणीतरी विचारणं, यातही औषध असतं.

2024 मध्ये 218 चाचण्या आणि 14,170 लोकांचा एकत्र आढावा आला. चालणं-धावणं, योगासनं, वजनं उचलणं, सगळ्यांचा उपयोग दिसला, आणि जोर थोडा वाढवला तर जास्त. पण आपण व्यायाम करतोय हे करणाऱ्यापासून लपवता येत नाही, त्यामुळे या चाचण्या कधीच पूर्ण निर्दोष नसतात. ‘व्यायाम गोळीपेक्षा भारी’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्यावर गोळी बंद करू नका. मी पहिल्या खेपेला तेच केलं होतं. दोन महिन्यांत पुन्हा अंथरुणाला खिळले, आणि त्या खेपेचं दुखणं आधीपेक्षा कठीण गेलं.

दुसऱ्या खेपेला माझ्या समुपदेशकबाईंनी एक छोटी वही करायला लावली. दारापाशी, बुटांच्या शेजारी. निघण्याआधी एक आकडा लिहायचा: परत आल्यावर किती बरं वाटेल, शून्य ते दहा. परतल्यावर बूट काढायच्या आधी दुसरा आकडा: खरंच किती वाटलं. बस, दोन आकडे. माझ्या पहिल्या पानावर 0 आणि 2 आहे. मग 0 आणि 1. मग 1 आणि 1. मग 0 आणि 3. दोन म्हणजे काही आनंद नव्हे हो, दोन म्हणजे दोनच. पण दहा-बारा दिवसांनी बाईंनी वही माझ्याकडे फिरवली आणि विचारलं, ‘डावीकडचा आकडा उजवीकडच्यापेक्षा मोठा किती वेळा आलाय?’ एकदाही आला नव्हता. माझा अंदाज जवळजवळ रोज चुकत होता, आणि चुकला की एकाच बाजूला. निरोगी माणसंही व्यायामाआधी त्यातून मिळणारी मजा कमी धरतात, हे संशोधनात दिसलंय. आपल्याकडे ती चूक शाईने लिहून ठेवावी लागते, कारण आठवणीवर या आजारात भरवसा ठेवता येत नाही. ‘मला काहीच वाटलं नाही’ असं मी त्या दिवशीसुद्धा म्हणाले असते.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात मला पहिल्यांदा फरक कळला तो चालताना कळलाच नाही. सिंकमध्ये भांडी पडली होती आणि मी उठून ती घासायला लागले. अर्धी झाल्यावर लक्षात आलं की आज स्वतःला ढकलावं लागलं नाही. गोडी अजून नव्हती, गाणं ऐकूनही काही हलत नव्हतं. पण उठणं स्वस्त झालं होतं. गोडी यायला आणखी दोनेक महिने गेले.

म्हणून तुम्ही ‘फ्रेश वाटतं का’ हे विचारणं थांबवा आणि आजूबाजूला बघा. आंघोळीला निघायला वेळ कमी लागतोय का? एखाद्या मेसेजला त्याच दिवशी उत्तर दिलंत का?

अर्धा तास झेपत नसेल त्या दिवशी पाच मिनिटं करा, पण वहीत ती पाचही लिहा. झेपत असेल तर मधली दोन मिनिटं धाप लागेल इतकं भरभर चाला. चालण्याच्या दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवतच नसेल, किंवा छातीत दुखत असेल, तर रेटू नका, डॉक्टरांना सांगा. आणि जगणं नको वाटण्याचे विचार आले तर वही, चालणं सगळं बाजूला ठेवून त्याच तासाला डॉक्टरांना किंवा जवळच्या माणसाला गाठा. त्याला उद्यापर्यंत थांबायचं नसतं. चार महिने गोळी घेऊन फरक नसेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट बोला. मात्रा किंवा औषध बदलता येतं. तुम्ही नीट चालत नाही म्हणून गोळी लागू पडत नाही, असला अपराध कृपया डोक्यावर घेऊ नका.

राहिला भाऊ. तो वाईट नाही, घाबरलाय. त्याला करायला काहीतरी हवंय म्हणून तो बोलतो. त्याला सांगा की संध्याकाळी ठरलेल्या वेळी बूट घालून दारात उभा राहा आणि काही बोलू नकोस. मला माझ्या बहिणीने असंच नेलं, पहिले कित्येक दिवस आम्ही एक शब्दही न बोलता चालायचो.

पंधरा दिवसांचे आकडे जमले की इथे टाका. सगळे शून्य आले तरी टाका, आपण मिळून बघू.