मही नदीच्या मुखाशी गाळ काढायला जाणार असशील तर

वडोदऱ्याहून कावी-कंबोईला निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघून ठेव. तिथलं स्तंभेश्वराचं देऊळ भरतीत पाण्याखाली जातं. खंभातच्या आखातात पाणी झपाट्याने चढतं आणि गाळात रुतलेला पाय लवकर सुटत नाही. एकटी अजिबात जाऊ नकोस.

आता मुद्द्याचं, म्हणजे गाळातून पाण्यात सुटणारा सेंद्रिय कार्बन कसा मोजायचा ते. गाळाच्या कणांमध्ये अडकलेल्या पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन वरच्या पाण्यापेक्षा सहसा कितीतरी जास्त असतो. प्राणवायू संपला की काही जिवाणू त्याऐवजी लोहाचं ऑक्साइड वापरून श्वसन करतात, लोह विरघळतं आणि त्याला चिकटलेले सेंद्रिय रेणू मोकळे होतात. हवा लागली की हेच उलटं होतं. लोह तांबूस गाळ होऊन खाली बसतं आणि जाताना कार्बनही ओढून नेतं. वरचं पाणी छान नितळ दिसतं, पण कार्बनचा आकडा खरा नसतो. म्हणून कोअर (नळीत उभा घेतलेला गाळाचा नमुना) काढल्याबरोबर दोन्ही टोकांना बूच लाव, आतलं पाणी हवा लागू न देता नायट्रोजन वायूखालीच काढ.

फिल्टर काचतंतूचा, 450 अंश सेल्सिअसला भाजलेला. काचेच्या बाटल्याही तशाच भाजून घे. कार्बनच्या नमुन्यात आम्ल घालून पीएच 2 वर आण. फ्लुरोसन्सचा (प्रकाश पाडल्यावर सेंद्रिय रेणू किती चमकतात ते बघण्याचा) नमुना मात्र आम्लाशिवाय, अंधारात आणि थंड.

आणखी एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं: गाळ नुसता स्थिर ठेवून मोजू नकोस. महीत भरतीचा लोंढा गाळ सतत ढवळत असतो. तोच गाळ तिथल्याच पाण्यात, वेगवेगळ्या खारटपणाला हलवून बघ. सोबत तुलनेसाठी गाळाशिवाय नुसत्या पाण्याची एक बाटली ठेवायला विसरू नकोस.